पडद्यापलीकडच्या बायका

चित्रपट संपला होता, दिवे लागले होते, आणि तरीही कुणी उठत नव्हतं.

संगमनेरच्या त्या कॉलेजच्या छोट्या सभागृहात वीस-पंचवीस माणसं असतील. एखाद्यानं नुसतं खाकरलं असतं तरी ती शांतता मोडली असती. पण खाकरायचाही धीर कुणाला होईना. पडदा कोरा झाला होता आणि सगळे त्या कोरेपणाकडेच पाहत होते. घरातून कुणी न बोलता उठून गेलं की मागे राहिलेली माणसं दाराकडे पाहत राहतात, तसे.

पहिल्या रांगेत सरोजिनीबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नाहीच वळली," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नव्हे.

मागे संगणकापाशी उभा असलेला गंधार पुढे आला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकला. हा तिशीतला मुलगा गावात चित्रपट मंडळ चालवायचा. जुने, विसरलेले चित्रपट शोधून काढायचे, चार टाळकी जमवून दाखवायचे, हा त्याचा नाद. श्रीरामपूरला एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या गोदामात त्याला पत्र्याचे गोल डबे सापडले होते. झाकण उघडताच आंबूस वास भपकन अंगावर आला, आणि आत हा चित्रपट निघाला. नाव 'पाठमोरी'. साठ वर्षांपूर्वीचा, कृष्णधवल भयपट. पुण्याला नेऊन त्यानं रिळं धुऊन घेतली, त्यांची संगणकावर प्रत करून घेतली. जाणकारांना विचारलं तर कुणी नावही ऐकलेलं नव्हतं.

गोष्ट म्हणावी तर फारशी नव्हती. माळावरून घरी परतणाऱ्या माणसाला पुढे एक बाई चालताना दिसते. उंच, लुगड्यातली, काखेत रिकामी घागर. तिला गाठावं म्हणून जो पाय उचलतो त्याची वाट हरवते. बाई काहीच करत नाही. किंचाळत नाही, हसत नाही, कुणाच्या मानगुटीवर बसत नाही. ती नुसती चालते, आणि सबंध चित्रपटात एकदाही मागे वळून पाहत नाही. शेवटी ती इतकी जवळ येऊन उभी राहते की मानेवर सुटलेल्या केसांची भुरभुर दिसावी. आणि मग ती चालू लागते, माळ ओलांडत, लहान लहान होत, ठिपका होईपर्यंत.

नामावळीत सगळ्यांची नावं होती. तिच्यापुढे फक्त 'आणि ती'.

चित्रपटानंतर दोन शब्द बोलाल का, असं विचारायला गंधारनं सरोजिनीबाईंना फोन केला होता. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, बोलतात छान, एवढंच त्याला ठाऊक. चित्रपटाचं नाव ऐकताच त्यांनी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग त्या म्हणाल्या होत्या, "त्यातली ती बाई माझी आई आहे. मी तिला कधी पाहिलेलं नाही."

ते अक्षरशः खरं होतं. आई, द्वारकाबाई, गेल्या तेव्हा सरोजिनी अडीच वर्षांची होती. घरात एकच फोटो होता, लग्नातला. त्यात नवरी मुलगी मान खाली घालून बसलेली. कपाळावरून मुंडावळ्या ओघळलेल्या, आणि त्यांच्या आड जे काही होतं ते फोटोग्राफरच्या दिव्यानं पुसून टाकलेलं. पुढे सावत्र आई आली, तिनं माया लावली, तक्रारीला जागा ठेवली नाही. पण आरशात आपलं नाक पाहताना हे कुणाचं, जिवणी कुणाची, हा प्रश्न सरोजिनीबाईंना साठी उलटली तरी सुटला नव्हता. माणूस वारलं की आपण म्हणतो, चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर हलायलाही काही नव्हतं.

"चेहरा का नाही दाखवला, माहितेय?" त्या गंधारला म्हणाल्या. माणसं आता उठू लागली होती, दबक्या आवाजात बोलत बाहेर पडत होती. "माझ्या वडिलांची अट होती. नृसिंहराव म्हणजे सरळमार्गी, अब्रूला जपणारे गृहस्थ. दिग्दर्शक त्यांचा शाळेतला मित्र. ठरलेली नटी ऐनवेळी आली नाही, तेव्हा तो दारात येऊन बसला. आई शिकवायची त्या शाळेच्या संमेलनात त्यानं तिला पाहिलं होतं, म्हणाला, वहिनींची चाल मला हवी. वडिलांना मित्राला नाही म्हणवेना आणि बायकोचं तोंड गावोगावच्या तंबूत मिरवू देववेना. मग तोडगा काढला. चेहरा दाखवायचा नाही, नाव द्यायचं नाही. दिग्दर्शक हुशार, त्यानं अडचणीतूनच भूत काढलं."

"आणि तुमच्या आईंनी?"

"ती काय बोलणार? मला आत्याकडे ठेवून गेली. आली आणि चार-सहा महिन्यांत विषमज्वरानं गेली. चित्रपट लागला तेव्हा ती नव्हतीच."

गंधारनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. सांगावं की नको, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मॅडम, हा चित्रपट जिथं काढला त्या गावी मी गेलो होतो. पारनेर तालुक्यात, करंजदरा. तिथल्या यात्रेतही हा लागला होता. म्हाताऱ्या माणसांशी बोललो मी. गडी सगळे म्हणतात, बाई वळत नाही."

"वळत नाहीच ती."

"हो. पण बायका म्हणतात, आम्ही तोंड पाहिलं."

सरोजिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"त्या काळी तंबूत पडदा मधोमध लावायचे," गंधार घाईनं पुढे बोलू लागला, आपण काही भलतंच बोलून बसलो आहोत हे झाकावं तसा. "पुरुष पुढं, बायका पडद्याच्या मागं. चित्र दोन्हीकडून दिसतं, मागून फक्त डाव्याचं उजवं होतं. अक्षरं उलटी दिसायची, पण वाचायला कुणाला येत होतं! आता ह्या बायकांचं म्हणणं असं, की ती तुमच्याकडं पाठ करून चालत होती ना, मग आमच्याकडं तिचं तोंडच असणार. इतकं सरळ सांगतात की हसूही येत नाही."

*

करंजदऱ्याच्या माळावर आता पवनचक्क्या आहेत. खालच्या बाजूला ज्वारी उभी होती, मध्येच वाटाण्याची हिरवी पट्टी, आणि वर ती पांढरी पाती एकमेकींशी न बोलता फिरत होती. गंधारनं गाडी झुंबरबाईच्या अंगणात उभी केली.

झुंबरबाई ऐंशीच्या पुढची, वाळल्या शेंगेसारखी. सुपात वाटाणे सोलत बसली होती. शेजारची चांगुणा मदतीला, आणि ओट्यावर चांगुणाचा नवरा कानिफनाथ काठीवर हनुवटी टेकून. गंधारनं ओळख करून दिली, पण बाईंचं आणि चित्रपटाचं नातं काय ते सांगितलं नाही. तसं सरोजिनीबाईंनीच बजावलं होतं.

"कोन म्हनला तोंड न्हाई दिसत?" झुंबरबाईनं सूप खाली ठेवलं. "ह्येच म्हनलं आसंल. वट्यावरचं."

"मीच म्हनलो," कानिफनाथ म्हणाला. "यात्रंत रोज बघितला तो शिनेमा. पाठ, पाठ आन् पाठ. पैसं पान्यात."

"तुमाला घरात बी माझी पाठच दिसती," चांगुणा म्हणाली, "त्याला कोन काय करनार?"

झुंबरबाईला हसता हसता ठसका लागला. कानिफनाथ काठी आपटून म्हणाला, "बघा म्याडम. ह्या आसल्या बाया. पडद्यामागं बसून शेंगा फोडायच्या आन् घरी यिऊन कायबी सांगायचं."

सरोजिनीबाईही हसल्या. आयुष्यभर परीक्षेचे पेपर तपासलेल्या त्या बाईनं मग जे केलं ते सवयीनंच. चांगुणाला पाणी मागण्याच्या निमित्तानं त्या तिच्यामागोमाग चुलीपर्यंत गेल्या आणि तिथं, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, विचारलं, "चेहरा कसा होता?"

"गोरी. कवळी. रूपवान म्हनवंल आशी न्हाई, पन नजर हटत नव्हती." चांगुणानं तांब्या विसळला. "आन् एक भुवई मधनं तुटल्याली. हितं. जनू कुनी नखानं पुसली."

बाहेर येऊन त्यांनी झुंबरबाईला तेच विचारलं, आणि भुवईचा विषय कुणी न काढताच झुंबरबाईनं आपल्या सुरकुतलेल्या भुवईवर मधोमध बोट ठेवलं.

सरोजिनीबाईंनी हातातला तांब्या ओट्यावर ठेवला. आत्या सांगायची, तुझी आई लहानपणी पाट्यावर पडली होती, भुवईत खाच राहिली ती राहिलीच. हे घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"तुम्ही शूटिंगच्या वेळी पाहिलं असेल त्यांना," गंधार म्हणाला.

"आमाला कोन माळावर जाऊ देतंय, बाबा? आन् ती बाई यायची जीपगाडीत, पडदं सोडून. नवरा संगं. कुनाची सावली पडू देत नव्हता तिच्यावर."

"मग पडद्यावर... काय करत होती ती?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. अंगणातली थट्टा कुठल्या कुठे गेली. कानिफनाथ तोंड फिरवून गोठ्याकडे बघू लागला.

"हुडकत हुती," झुंबरबाई म्हणाली. "सुरवातीला न्हाई. पाक शेवटाला. गड्यांकडनं ती लांब लांब जायची न्हवं? तर तशी आमच्याकडं यायची. लांबनं. ठिपक्यायेवढी, मग बाहुलीयेवढी, मग ह्या एवढी. आन् आली का आमच्या मांड्यांवर बघायची. एकीच्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. आमी समद्या लेकुरवाळ्या. जिच्या-तिच्या वटीत पोर. दुसऱ्या दिशी बाया निसत्या पोरास्नी पदराखाली घिऊन बसल्या, डोळं मिटून. तिसऱ्या दिशी एक बी गेली न्हाई."

"पोरं खानारी हाय म्हनून बोभाटा झाला," चांगुणा हळूच म्हणाली. "आन् बाया न्हाई म्हनल्या का तंबू चालत न्हाई. मग पुढच्या गावात बी तेच. तंबूवाल्यांनी तो शिनेमा घेनंच सोडलं."

म्हणजे असा विसरला गेला होता तो चित्रपट. कुठल्या समीक्षकानं नव्हे, नशिबानं नव्हे. उलट्या बाजूला बसलेल्या, अक्षरशत्रू, अंगावर पिणारी पोरं घेतलेल्या बायकांनी त्याला गावोगाव दार बंद केलं होतं. आणि त्यांनी काय चूक केली? पडद्यावरची बाई मांड्यांवर पोर शोधत फिरते म्हटल्यावर दुसरं कुणी काय केलं असतं?

ती कुणाचं पोर शोधत होती हे मात्र त्या अंगणातल्या बायकांत एकीलाच ठाऊक होतं. ते पोर तीच होती, आणि तिचे केस आता पिकले होते.

परतताना घाट उतरेपर्यंत सरोजिनीबाई मागे पडणाऱ्या पवनचक्क्यांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "गंधार, तिथं खेळ लाव. कापडाचा पडदा, मधोमध. पूर्वीसारखा."

"मॅडम, पडद्यामागून तेच चित्र दिसतं. उजेड तोच, कापड तेच. फक्त डाव्याचं उजवं."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय. डाव्याचं उजवं बघू."

गंधारनं गियर बदलला. आपल्या आईचा चेहरा आपण दिवसातून किती वेळा पाहतो आणि त्यातला एकदाही आपल्याला आठवत नाही, असलं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं असावं. त्यानं त्याच रात्री आईला फोन केला, असं त्यानं पुढे सांगितलं.

*

माघातली संध्याकाळ. सूर्य नुकता पवनचक्क्यांमागे उतरला होता. शाळेच्या पटांगणात दोन वाशांमध्ये मांजरपाटाचा मोठा पडदा ताणला होता. गंधार प्रोजेक्टर जुळवत असताना चांगुणा बादली घेऊन आली.

"कोरड्या पडद्यातनं म्होरल्याला दिसंल, मागल्याला काय? ओला कर त्येला. तंबूवालं भिजवायचं."

दोघा-तिघांनी पाणी मारलं. मांजरपाट गळू लागला, जडावला, आणि अंधारात एखाद्या मोठ्या जनावराच्या कातडीसारखा दिसू लागला.

पुढच्या बाजूला खुर्च्या भरल्या. कानिफनाथ पहिल्या रांगेत, भोवती तरुण पोरं, हातात मोबाईल, चेहरे खालून उजळलेले. मागच्या बाजूला सतरंजी टाकली होती. तिथं फक्त म्हाताऱ्या आल्या. झुंबरबाई, चांगुणा, बनुबाई आणि आणखी काही. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी जी ती ठरल्यासारखी आपापल्या जागी बसली. सरोजिनीबाई त्यांच्या मधोमध टेकल्या. कोपऱ्यात झुंबरबाईची नातसून पूजा येऊन बसली. मांडीवर दोन वर्षांची चिऊ.

"पोरगी घिऊन पुढं बस," झुंबरबाई म्हणाली.

"आजी, पुढं जागा न्हाई. आन् चिऊ मोबाईलवर याच्यापेक्षा भारी भुतं बघती. भुताला ती टाटा करती."

"म्हनून तर म्हनते."

पूजा हसली आणि जागची हलली नाही.

चित्रपट सुरू झाला. नावं उलटी आली, एखाद्या अनोळखी लिपीतल्यासारखी. मग माळ आला. साठ वर्षांपूर्वीचा माळ, पवनचक्क्यांवाचूनचा, उघडा. आणि ती आली, घागर उजव्या काखेऐवजी डाव्या काखेत, आणि सरोजिनीबाईंना दिसली ती पाठच. उलटी झालेली, पण पाठच.

त्या बघत राहिल्या. अर्धा चित्रपट गेला. ओल्या कापडावरून थंडी झिरपत अंगावर येत होती. पलीकडून पोरांच्या शिट्ट्या, मग हळूहळू शिट्ट्याही थांबल्या. सरोजिनीबाईंना आपलीच लाज वाटू लागली. जन्मभर मुलांना विवेक शिकवला आणि म्हातारपणी इथं सतरंजीवर येऊन बसलो, कापडाला चेहरा मागत. शेजारच्या म्हाताऱ्या मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हत्या. त्यांनी शेंगा आणल्या नव्हत्या. त्या वाट पाहत होत्या, गाडीची वेळ ठाऊक असलेल्या माणसांसारख्या.

शेवटचं दृश्य लागलं. पडद्यावर ती मान, ते सुटलेले केस. मग तिनं पाऊल उचललं, आणि त्याच क्षणी बनुबाईनं दीर्घ श्वास घेतला.

सरोजिनीबाईंना आधी वाटलं, पडद्यावर पाण्याचा ओघळ आला. ती मान विरघळली. विझली नाही, विरघळली, जशी काचेवरची वाफ विरते आणि मागचं दिसू लागतं. मागे तोच माळ होता. पण आता तो या बाजूनं दिसत होता, आणि त्याच्या पार टोकाला एक काळा ठिपका होता.

ठिपका मोठा होत होता.

पलीकडच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "चालली बघ." अलीकडे ती येत होती. घागर नव्हती आता. दोन्ही हात मोकळे होते. लुगड्याच्या निऱ्या वाऱ्यानं पायांत अडकत होत्या आणि ती त्या सोडवत, जरा घाईनं, उशीर झालेल्या बाईसारखी येत होती. चाल तीच. मग जिवणी दिसली, सरोजिनीबाईंचीच जिवणी. मग नाक. मग कपाळ, आणि मधोमध तुटलेली भुवई.

किती लहान होती ती! बावीस-तेविसाची पोर. ओठ उन्हानं सुकलेले, कपाळावर कुणीतरी घाईनं लावलेली पावडर, घामाची एक रेघ. ज्या चेहऱ्याला सरोजिनीबाईंनी सारं आयुष्य आपल्यापेक्षा मोठं मानलं होतं तो त्यांच्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींच्या वयाचा होता.

ती पडद्याच्या अगदी कडेशी येऊन थांबली आणि बघू लागली. ती शाळेत शिकवायची, हे त्या बघण्यावरून कळत होतं. हजेरी घेतल्यासारखी तिची नजर एका टोकापासून सरकू लागली. बनुबाईच्या मांडीवर आली. बनुबाईनं रिकाम्या ओटीवर पदर ओढून घट्ट धरला. चांगुणाच्या मांडीवर आली. तीही रिकामी. झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले.

मग ती सरोजिनीबाईंपाशी आली.

आधी मांडीवर पाहिलं. तिथं दोन हात होते, शिरा वर आलेले, एकमेकांत गुंतलेले. मग नजर वर उचलली आणि चेहऱ्यावर थांबली. सरोजिनीबाईंनी चष्मा काढला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं; उघड्या डोळ्यांनी आपण जास्त लहान दिसू, असं काहीतरी असेल. मी आहे, त्यांना म्हणायचं होतं. मीच ती. ओठ हलले, पण साठ वर्षांत 'आई' हा शब्द समोर कुणी नसताना उच्चारायची सवय जडली होती. समोर कुणी असताना तो येईना.

पडद्यावरच्या पोरीच्या डोळ्यांत ओळख नव्हती. तिथं होती ती फक्त चांगल्या घरातल्या सुनेची अदब. वडीलधाऱ्या बाईकडे आपण उगाच टक लावून पाहिलं, असं वाटून तिनं पापण्या किंचित झुकवल्या, क्षमा मागितल्यासारख्या. आणि नजर पुढे सरकली.

पुढे कोपऱ्यात पूजाच्या मांडीवर चिऊ होती.

तिथं मात्र ती नजर थबकली. आणि मग त्या चेहऱ्यावर जे उमटलं ते सरोजिनीबाईंनी चष्म्यावाचून, धुकट, पण पुरतं पाहिलं. उशिरा घरी परतलेल्या आईला अंगणातच पोर दिसावं, तसा तो चेहरा सैल झाला. सुकलेले ओठ फाटतील इतका हसला. हाच तो चेहरा. जन्मभर मागितला तो, तंतोतंत हाच. फक्त तो दुसऱ्याच कुणाच्या पोरीकडे पाहत होता.

चिऊनं टाटा केला नाही. तिनं दोन्ही हात पुढे केले. "घे," ती म्हणाली.

वारा नव्हता. तरी मांजरपाट आतून रेटल्यासारखा फुगला, तळहाताएवढ्या जागी, आणि त्यातून पाणी टपटपू लागलं. पूजा गोठून बसली होती. तिचे हात पोरीच्या कमरेवरून गळून पडले होते आणि चिऊ मांडीवरून उतरून एक पाऊल पुढे गेली होती.

सरोजिनीबाईंना एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. बसून राहायचं आणि तो चेहरा पाहत राहायचा. आणखी क्षणभर. तो आणखी जवळ आला असता. त्याचा श्वास ऐकू आला असता. कुणाच्या का मांडीवर असेना, आई हसत होती.

त्या उठल्या. गुडघे करकरले. पडदा आणि पोर यांच्या मध्ये जाऊन त्यांनी चिऊला उचललं, छातीशी धरलं, अंगावरची शाल तिच्या डोक्यावरून ओढली, आणि त्या ओल्या कापडाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. शालीच्या आत पोर आधी धडपडलं, मग रडू लागलं. सरोजिनीबाईंच्या मानेवर, अंबाड्याखाली, एक गार थेंब पडला आणि पाठीवरून खाली ओघळत गेला. त्या हलल्या नाहीत. मागे फार जवळ कुणीतरी थांबलं होतं. मग तिथं कुणी नव्हतं.

पलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दिवे लावले.

पूजा धावत आली आणि तिनं पोर हिसकावून घेतलं. चिऊचे केस हुंगत ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "हसली हो ती. चिऊला बघून हसली." आणि उत्तराची वाट न पाहता, अनवाणीच, घराकडे निघून गेली.

गंधार पडद्याला वळसा घालून आला तो खुशीत होता. "मॅडम, काय शेवट बसला आज! ठिपका होईपर्यंत एक माणूस हललं नाही. कानिफनाथबाबासुद्धा म्हणाले..." बायकांचे चेहरे पाहून तो मध्येच थांबला आणि प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळायच्या राहिल्यात असं काहीतरी पुटपुटत मागे सरला.

म्हाताऱ्या सतरंजीवरच होत्या. पदर अजून कुणी सोडले नव्हते. झुंबरबाई चांगुणाच्या खांद्याचा आधार घेत उठली, सरोजिनीबाईंच्या जवळ आली आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. नाकाकडे, जिवणीकडे. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायची गरजही उरली नव्हती.

"लेकी," ती म्हणाली, "वळखलं का तुला तिनं?"

सरोजिनीबाईंनी हातातला चष्मा घडी करून कमरेला खोचला. सतरंजीच्या कडेला आपल्या चपला शोधल्या, एकेक पायात सरकवली, आणि पटांगण ओलांडून रस्त्याच्या दिशेनं चालू लागल्या.